नाव कमी केल्याचा दाखला

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कोणाला मला पकडल्याचा आनंद मिळायला नको. घरात म्हणायचे, सुजीच्या हातावर साखर ठेवली तरी ती आधी विचारेल, हिला मुंग्या का नाही लागल्या? त्यात नोकरी लागली तीही इन्स्पेक्शनची. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे छोटे छोटे पार्ट बनायचे, त्यांचा क्रेट माझ्या टेबलावर यायचा आणि मी एकेक पार्ट मापाच्या गेजमध्ये घालून बघायची. बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, अडकला तर लाल. सुपरवायझर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, पार्ट चांगला असेल असं धरून चालायचं नाही. खराबच आहे असं धरायचं, आणि चांगला निघाला तर सोडायचा." मला इतकी वर्षं घरातले ज्या गोष्टीबद्दल बोल लावत होते, तिचाच आता पगार मिळणार होता. मी खूश झाले.

पिंपरीत कामगारांच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आतल्या खोलीत दादा, वहिनी आणि त्यांची तीन वर्षांची पिंकी. बाहेरच्या खोलीत आई कॉटवर आणि मी कॉट आणि कपाटाच्या मधल्या पट्टीत. कूस बदलली की गुडघा कपाटाला लागायचा, दार वाजायचं आणि आई झोपेतच म्हणायची, "हळू." पलीकडच्या गल्लीत एक वर्कशॉप होतं, त्यातला प्रेस दिवसभर धप्प धप्प चालायचा. त्याचा आम्हाला काही त्रास नव्हता. उलट दुपारी वीज गेली आणि तो थांबला की आम्ही सगळे मान वर करून एकमेकांकडे बघायचो. सकाळी आई बाजरीची भाकरी थापायची आणि तव्यावर लसूण-मिरची घालून सुकट परतायची. तिचा वास माझ्या युनिफॉर्ममध्ये असा बसायचा, की कंपनीच्या बसमध्ये चढल्याबरोबर बायका म्हणायच्या, "आज सुकट वाटतं!" मी लाजायची आणि आईवर चिडायची. दुपारी डबा उघडला की त्याच बायका आधी माझ्या डब्यात हात घालायच्या.

त्या घरात कोणाचंच काही झाकलेलं नव्हतं. दादाच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत, वहिनीची पाळी, माझा पगार, आईचं गुडघेदुखीचं मलम, सगळं सगळ्यांना माहीत. आणि तरीही, किंवा म्हणूनच, मला कायम वाटायचं की हे लोक माझ्यामागे काहीतरी बोलतात. दोन खोल्यांत बोलणार कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग कंपनीने पिंपरीची बस बंद केली. म्हणाले, आता बहुतेक लोक चाकणच्याच बाजूला राहतात, पाच बायकांसाठी बस सोडणं परवडत नाही. आता भोसरीपर्यंत साधी बस आणि पुढे सहा आसनी रिक्षा, जिच्यात आम्ही दहा-अकरा जण बसायचो. पाळी सातची. मोशीच्या पुढे एखादा कंटेनर आडवा झाला की संपलंच. एका महिन्यात मला चार वेळा उशीर झाला. सुपरवायझरनी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, काम तुमचं एक नंबर आहे. पण आणखी एकदा उशीर झाला तर मला वर कळवावं लागेल, आणि वरचे लोक काम बघत नाहीत, कार्ड बघतात." मला ती नोकरी हवी होती. वडिलांच्या मागे घरात ज्या खर्चाला दादा पुरा पडत नव्हता तो माझ्यावर होता, हे एक. आणि दुसरं म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदा मी कशाला तरी "नाही" म्हटलं की ते नाहीच ठरत होतं.

माझ्या टेबलावर लातूरची अनिता बसायची. ती म्हणाली, "अगं, आमच्या खोलीत जागा झालीया. सविताचं लग्न ठरलंय, ती चाललीया. ये की तू. कंपनीपासून चालत पंधरा मिनिटं. पर महिना संपायच्या आत सांग, नाहीतर मालकीण दुसरीला ठेवती."

मी पाळी संपल्यावर तिच्याबरोबर खोली बघायला गेले. जमिनीवर कंपन्या आल्यावर तिथल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी बांधल्या तशा ओळीने दहा खोल्या, पुढे सामाईक नळ, बाजूला मालकांचा गोठा अजून शाबूत आणि त्यात दोन म्हशी. मालकीणबाई नळापाशी कळशी घासत होत्या. त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत बघितलं आणि मीही त्यांना तसंच बघितलं.

"एकलीच हायेस? घरची मान्सं?"

"पिंपरीत आहेत."

"पिंपरी काय लांब हाय व्हय? मग घर सोडून कशापायी?" त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं आणि मी बसची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग विचारलं, "आडनाव काय म्हन्लीस?"

मी म्हटलं नव्हतं. आता सांगितलं. बाईंचा कळशीवरचा हात थांबला. किती वेळ, ते मी आजही सांगू शकणार नाही. अनिता म्हणते तो थांबलाच नाही, हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे. मग त्या म्हणाल्या, "पानी सकाळी सहाला येतं, तासभर ऱ्हातं. बापयमानूस आनायचा न्हाई. बाकी आमी काय बगत न्हाई." त्या "बाकी" मध्ये त्यांनी मला माफ केलं होतं की नुसते नियम सांगितले होते, हे मी परतीच्या रिक्षात पूर्ण वेळ तपासत होते. राग आला होता. पण खोलीला खिडकी होती, आणि खिडकीखाली एका माणसाला ऐसपैस झोपता येईल एवढी जागा होती, आणि राग त्या जागेपाशी येऊन कमी होत होता.

घरी सांगायची मी चार दिवस तयारी केली. आई म्हणेल, लोक काय म्हणतील? त्यावर माझं उत्तर तयार. दादा म्हणेल, मी मेलो का? त्यावरही तयार. वहिनी डोळ्यांना पदर लावेल, तिच्याकडे बघायचंच नाही. जेवताना मी विषय काढला. आईने पिंकीच्या ताटात भात कालवता कालवता ऐकलं आणि म्हणाली, "बरं हाय की. जा." दादा म्हणाला, "खरंय राव, हाल होतात रोज." वहिनी म्हणाली, "ताई, सुट्टीला येत जा हं." आणि वरण वाढायला उठली.

माझी सगळी उत्तरं तशीच पडून राहिली. त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. ज्या घरात नवा स्टोव्ह घ्यायचा तरी तीन दिवस वाद चालायचा, त्या घरातली तरणी, बिनलग्नाची मुलगी वेगळी राहायला निघाली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं.

आता माझी मुलगी आम्ही राहतो त्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये स्वतःची खोली, स्वतःचं बाथरूम असताना ऑफिसजवळ मैत्रिणींबरोबर राहायला जायचं म्हणते. परवा तिने विचारलं आणि मी लगेच म्हटलं, जा. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला हे प्रकरण लिहायला घ्यावं लागलं. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

तर, मी पाळत ठेवू लागले. आणि पाळत ठेवली की काहीतरी सापडतंच. आधी संपतमामा, आईचा धाकटा भाऊ, नगरहून अचानक आला. कारण सांगितलं की भाचरांना बघायला आलो. मामा आणि आई गल्लीच्या तोंडाशी जाऊन तासभर बोलत उभे होते आणि मी पाणी भरायला गेले तशी दोघं गप्प झाली. मग आई म्हणाली, "तुझा एक चांगला फोटो दे गं. असू दे घरात." मग एका संध्याकाळी कॉटखालून चप्पल काढताना हाताला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही लागलं. पातेलं, परात, दोन ताटं, दोन वाट्या, डबा. सगळं कोरं स्टील. प्रत्येकावर नाव घालून घेतलेलं: सुजाता. फक्त सुजाता. आमच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर आडनाव होतं, वडिलांचं पूर्ण नाव होतं, एका पेल्यावर तर कंपनीतला त्यांचा हजेरीचा तिकीट नंबरही होता. आणि ह्या भांड्यांवर माझ्या नावापुढची जागा मोकळी. आडनाव घातलं नाही, कारण ते बदलणार होतं. रुखवताची भांडी होती ती. मी गुंडाळी होती तशी परत ठेवली, अगदी वर्तमानपत्राची घडीही तीच.

तरी मी स्वतःला म्हटलं, एका खुणेवर पार्ट लाल ट्रेमध्ये टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी आई दळण घेऊन गिरणीत गेली होती. रेशनकार्ड ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांखाली ठेवायची. मी ते काढलं. कार्ड आईच्या नावावर होतं. खाली दादा, वहिनी, पिंकी, आणि माझं नाव. माझ्या नावावर आडवी रेघ, शेजारी सही आणि रेशन ऑफिसचा शिक्का. पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. नाव कमी केल्याचा दाखला.

आपल्याकडे मुलीचं नाव रेशनकार्डातून कधी कमी होतं, हे कोणाला सांगायला नको. ती सासरी जाते तेव्हा. माहेरच्या कार्डातून नाव कापायचं, दाखला घ्यायचा, तो सासरी द्यायचा, मग तिकडच्या कार्डात नाव चढतं. वहिनी आली तेव्हा तिचा असाच कागद तिच्या वडिलांनी आणून दिला होता, मी पाहिला होता. मी कपाटाला पाठ लावून खाली बसले. फोटो, भांडी, "बरं हाय की", सगळ्याचा उलगडा झाला. मला जाऊ देत होते ते चाकणला नाही. आणि गंमत म्हणजे, भीतीपेक्षा मला अपमान जास्त वाटला. लग्न ठरवलं ते ठरवलं, पण रेघ मारताना आईचा हात थरथरला नसेल का? रेघ कारकुनाने मारली असणार हे कळत असूनही मी आईचाच हात डोळ्यांसमोर आणत होते.

मी कार्ड आणि दाखला होते तसे पिशवीत परत ठेवले. कंपनीत त्या दोन दिवसांत मी इतके पार्ट लाल ट्रेमध्ये टाकले, की सुपरवायझर येऊन स्वतः तपासून गेले.

रविवारी सकाळी वहिनी कांदेपोहे करत होती. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. एरवी रविवारी आमच्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा असे. अकराच्या सुमाराला मामा आला, बरोबर तिशीचा एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात रुमाल. तो कॉटच्या कडेवर बसला आणि खोलीभर नजर फिरवू लागला. कपाटावर, माझ्या ट्रंकेवर, आणि मग माझ्यावर. वहिनी म्हणाली, "ताई, पोहे देता का बाहेर?"

मी बशी घेऊन बाहेर आले, ती त्याच्या हातात दिली नाही, कपाटावर ठेवली आणि उभ्या उभ्या म्हणाले, "हे बघा, तुमचा यात काही दोष नाही. पण मला लग्न करायचं नाही. आत्ता नाही, तुमच्याशी नाही, आणि मला न विचारता तर कोणाशीच नाही. तुम्हाला ह्या लोकांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पोहे खा आणि जा."

तो माणूस उठून उभा राहिला. एकदा मामाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ताई," तो म्हणाला, "मी टेंपोवाला हाय. सामान किती हाय ते बघाया आलोय. माझं लग्न झालंय, दोन पोरं हायेत."

दादा इतका हसला की त्याला बाहेर जाऊन बसावं लागलं. मामाने कपाळावर हात मारला. टेंपोवाल्याला आईने मामासाठी केलेले पोहे खायला घातले, एक ट्रंक, एक गादी आणि भांड्यांची पाटी एवढंच आहे म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. तो दारातून माझ्याकडे न बघता गेला. मी मात्र अजून मागे हटले नव्हते. मी कपाट उघडलं, दाखला काढला आणि आईसमोर धरला. "मग हे काय आहे?"

आईने कागद हातात घेतला, घडी नीट केली. "तुझाच हाय. जाताना देणारच होते. फोटोबी त्याच्यासाठीच मागितला, नव्या फॉर्मला लागंल म्हणून. तिकडं तुला तुझं कार्ड काढाया लागंल. कार्ड असल्याबिगर गॅस न्हाई, रॉकेल न्हाई."

"लोक खोलीवर राहतात, त्यांची नावं घरच्या कार्डात असतातच की."

"असत्यात," आई म्हणाली. मग ती कॉटवर बसली आणि तिने मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. "आमी गावावरनं इथं आलो, तवा तुझ्या आजीनं आमची नावं तिच्या कार्डात तशीच ठेवली. म्हणाली, ऱ्हाऊ द्या, घरचीच हायेत. मला वाटलं, केवढी माया! अन् इथं कार्ड मिळंना, का, तर नाव तिकडं. तीन वर्सं मी शेजारणीच्या दारात रॉकेलची बाटली घेऊन हुबी ऱ्हायले. अन् गावाला काय बी काम निघालं की निरोप यायचा, तुमची नावं अजून हितंच हायेत, या. तुझे वडील धड हितं ऱ्हायले न्हाईत, धड तिथं न्हाई. जायचं मानसानं तर सगळं जायचं. म्हणून तीन खेपा घातल्या त्या ऑफिसात. हा संपत आला तो मला वरडाया आला, पोरीला एकटी का सोडती म्हणून. त्याला मीच गप केला."

"आणि भांड्यांवर आडनाव का नाही?"

"उद्या लग्न करशील, न्हाई करशील. नाव तर बदलत न्हाई ना?"

"मला विचारायचं तरी, आई."

"इचारलं असतं तर तू म्हणली असतीस, का? अन् मग का, का करत बसली असतीस, अन् गेली नसतीस." ती कपाटापाशी गेली, दाखला परत पिशवीत घातला आणि पाठमोरीच म्हणाली, "जायचं नसंल तर न्हाई म्हण. उद्या जाऊन नाव परत चढवून आणते. पर मी अडवायची न्हाई. त्याची वाट बघू नको."

तेव्हा मला कळलं की मी दोन आठवडे नेमकी तीच वाट बघत होते. कोणीतरी अडवायला हवं होतं, म्हणजे भांडून निघता आलं असतं, आणि पुढे काही बिघडलं असतं तर दोष द्यायला माणूस मिळाला असता. किंवा रडून थांबता आलं असतं, आणि मग नोकरी गेली तरी ती ह्यांच्यामुळे गेली म्हणता आलं असतं. आईने दोन्ही वाटा बंद केल्या होत्या. मी तिच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते. मंगळवारपर्यंत मी कोणाशी धड बोलले नाही. रोज पहाटे भोसरीला उतरून रिक्षा भरायची वाट बघताना मनात एकच चाले: लग्नाचा डाव असता तर किती सोपं झालं असतं. बुधवारी संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती, तिच्या पाठीमागे उभी राहून मी म्हटलं, "जाते मी."

"मग ती पाटी वर ठिव," आई म्हणाली. "पिंकी वाट्या काढती तिच्यातल्या."

खोलीवर माझं बरं बस्तान बसलं. अनिता घोरायची, पण ते प्रेसच्या आवाजापुढे काहीच नव्हतं. उशीर पुन्हा झाला नाही. मालकीणबाई एकदा न मागता ताक देऊन गेल्या. मी ते पिण्याआधी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग प्यायले, चांगलं होतं. दोनेक महिन्यांनी माझं कार्ड आलं. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव, आणि खाली सगळ्या ओळी रिकाम्या. ते बघून मला आनंद झाला असं मी अनिताला सांगितलं.

त्यानंतरच्या एका रविवारी अनिता गावाला गेली होती. मी दार उघडं टाकून पालेभाजी निवडत बसले होते. समोर नळापाशी कोणीतरी मालकीणबाईंना माझी खोली विचारली, आणि आवाज आईचा होता. न कळवता आली होती. पहिला विचार मनात आला तो हाच, की तपासायला आली. चपला किती आहेत, ट्रंकेमागे काय आहे, उशा किती. मी घाईघाईने अंथरुणाची घडी केली, उष्टं ताट मोरीत सरकवलं आणि मनातल्या मनात भांडायची तयारी करून दाराकडे तोंड करून उभी राहिले.

आई दारापर्यंत आली. तिने चपला काढल्या, भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या, पिशवी दोन्ही हातांत धरली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. म्हणाली, "येऊ का आत?"

मला वाटलं टोमणा मारते आहे. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, पुन्हा बघितलं. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"आई, असं काय विचारतेस?"

"घर तुझं हाय," ती म्हणाली, आणि उभीच राहिली. तिच्या मागे ऊन रणरणत होतं. मला नुसतं "ये" म्हणायचं होतं, आणि तेवढा एक शब्द तोंडातून फुटेना. आणि मी तो म्हणेपर्यंत माझी आई माझ्या दाराबाहेर, उन्हात, अनवाणी उभी राहिली.